ऑस्ट्रेलियाची मावशी

बर्नाडेट तुस्कानोला नियम मोडता येत नाहीत. मेलबर्नजवळच्या टार्निटमध्ये आमच्या रस्त्याच्या तोंडाशी एक गोल चक्कर आहे. पहाटे, चिटपाखरू नसताना, कामाला निघालेली ही बाई तिथे गाडी थांबवते, उजवीकडे बघते, वळायचा दिवा लावते आणि मगच वळते. मला लवकर जाग येते, त्यामुळे हा सोहळा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुष्कळदा पाहिलाय. ती ब्रेडच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. एकदा एका कामगाराच्या बोटात अंगठी दिसली म्हणून तिने त्या शिफ्टचा सगळा ब्रेड बाजूला काढायला लावला होता. अंगठी शाबूत होती, बोटातच होती. मी विचारलं, मग कशाला एवढं? तर म्हणाली, खडा पडला असता तर? अंगठीला खडाच नव्हता. पण नियम म्हणजे नियम.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ इथे आहे. तिच्यात दुसरा दोष मला सापडलेला नाही, आणि दोष शोधण्यात मी काही कमी नाही.

ती वसईकडची, नंदाखालची. केळीच्या वाडीत वाढली, मराठी शाळेत शिकली, चर्चमधली रविवारची मिस्सासुद्धा मराठीतच ऐकली. इथे शिकायला आली ती दिवसा युनिव्हर्सिटी आणि संध्याकाळी सुपरमार्केटात फळ्यांवर माल लावणं, असं करत टिकली. मग नोकरी, कायम राहायची परवानगी, घर. लग्न तेवढं राहून गेलं. माझा मुलगा शंतनू आणि सून सुखदा तिचे शेजारी, आणि मी त्यांच्याकडे राहायला आल्यापासून तिची काकू. मी पहिल्याच भेटीत तिला लग्नाचं विचारलं. सुखदाने मला टेबलाखालून पाय मारला. बर्नाडेट मात्र हसली. म्हणाली, "काकू, मुलगा शोधण्यात माझा जेवढा वेळ गेला ना, तेवढ्यात मला मूल झालं असतं आणि ते शाळेत गेलं असतं."

तेव्हा मला वाटलं, थट्टा करतेय. ती थट्टा नव्हती. तिने दत्तकासाठी अर्ज आधीच घातलेला होता. इथल्या सरकारी खात्याच्या बाईने येऊन तिच्या घरातली कपाटं उघडून पाहिली, औषधं कुठे ठेवता, मुलाला राग आला तर काय कराल, तुम्हाला राग आला तर काय कराल, सगळं विचारलं. दुसरी कोणी वैतागली असती. ही पुढच्या भेटीआधी कपाटांना मुलांना न उघडता येणारी कुलपं बसवून मोकळी झाली. वर्षं गेली त्यात. आणि मग एक दिवस ती आमच्या मागच्या अंगणात आली आणि फोन माझ्या पुढे धरला. फोटोत एक मुलगी. केस बारीक कापलेले, कपाळाला आठ्या, फोटो काढणाऱ्याचा स्पष्ट राग आलेला. तीन वर्षांची. नाव चित्रलेखा.

"एवढ्याशा पोरीला एवढं लांब नाव?" मी म्हटलं.

"चित्रू म्हणतात तिला," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून फोन परत घेतला. जरा घाईनेच घेतला.

साताऱ्याच्या पुढे एका गावात ती संस्था होती. मुलीला भेटून, होकार देऊन यायचं होतं. बर्नाडेटची आई नंदाखालला अंथरुणाला खिळलेली, भाऊ बोटीवर. मी दर हिवाळ्यात पुण्याच्या घरी जाऊन राहतेच. म्हटलं, चल, मी येते. तो दोन हजार वीसचा जानेवारी होता. चीनमधल्या कसल्याशा तापाची बातमी पेपरात आतल्या पानावर येत होती.

संस्था म्हणजे एक बैठी इमारत, पुढे पेरूचं झाड, आणि दोरीवर ओळीने वाळत घातलेल्या इवल्या इवल्या चड्ड्या. शैलाताई तिथल्या प्रमुख. ठेंगण्या, सुती साडी, कमरेला किल्ल्या. त्यांनी आम्हाला थेट मुलीकडे नेलं नाही. आधी ऑफिसात बसवून चहा दिला आणि एक गोष्ट सांगितली. पूर्वी एका मुलाला भेटायला एक जोडपं आलं होतं. उत्साहाच्या भरात त्यांनी त्याला, आम्ही तुझे आई-बाबा, असं सांगून टाकलं. मग त्यांच्या घरात काही बिनसलं आणि ते आलेच नाहीत. तो मुलगा रोज आंघोळ करून, भांग पाडून फाटकाशी उभा राहायचा. शेवटी त्याने जेवण सोडलं, सलाईन लावावं लागलं.

"म्हणून तुम्ही मावशी," शैलाताई म्हणाल्या. "कोर्टाचा हुकूम होईपर्यंत मावशीच. इथे येणारी प्रत्येक बाई मावशी असते, मुलांना त्यात काही वाटत नाही. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न."

बर्नाडेटने मान हलवली. नियम तिला पटला होता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही पटला होता.

चित्रू आमच्याकडे ढुंकूनही बघेना. व्हरांड्यात दोघी-तिघी बायका हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या, तिथे खांबामागे जाऊन उभी राहिली. मी दोन हाका मारल्या. बर्नाडेटने मला डोळ्यांनी गप्प केलं, स्वतः त्या बायकांत फतकल मारून बसली आणि घाटे सोलायला लागली. मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. बराच वेळ गेला. मला बसून बसून कंटाळा आला. मग खांबामागून एक तळवा पुढे आला. बर्नाडेटने त्यावर एक हिरवा दाणा ठेवला. चित्रूने तो नीट पाहिला, आणि आपण न खाता बर्नाडेटच्या तोंडाला लावला.

त्याच दिवशी दुपारी एक वर्षभराचा मुलगा घरी जायचा होता. नाशिकचं जोडपं आलं होतं. संस्थेची एक रीत आहे. मूल जायच्या वेळी सगळी मुलं व्हरांड्यात रांगेत उभी राहतात. मुलाला आणि आईला पाटावर बसवून ओवाळतात, आणि आई मुलाला पहिला घास दहीसाखरेचा भरवते. तो भरवला की मुलं टाळ्या वाजवतात, गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत टाटा करतात. त्या पोरांच्या लेखी आई म्हणजे ही. कधीही न पाहिलेली बाई एक दिवस गाडीतून उतरते, दहीसाखर भरवते आणि घेऊन जाते. भेटायला आलेली तीच आणि न्यायला आलेलीही तीच, हे लहानांच्या ध्यानात कुठून येणार? मधे दोन-तीन महिने गेलेले असतात, आणि मावश्या तर रोजच येतात-जातात.

चित्रू बर्नाडेटच्या कुर्त्याचं टोक धरून बघत होती. गाडी गेल्यावर तिने वर पाहून विचारलं, "माझी आई कधी?"

बर्नाडेटने शैलाताईंकडे पाहिलं. शैलाताईंनी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

"येईल हं," बर्नाडेट म्हणाली.

परतीच्या गाडीत ती पुण्यापर्यंत मूठ मिटून बसली होती. हातात हरभऱ्याचं एक टरफल होतं, ते तिने खिडकीतून टाकलंही नाही.

फेब्रुवारीत आम्ही टार्निटला परत आलो आणि मार्चमध्ये जगाला कुलूप लागलं. इकडची सीमा बंद, तिकडची कोर्टं बंद. शैलाताईंचे दोन-तीन महिने वाढत गेले. आमच्या मेलबर्नने तर कहर केला. घरापासून पाच किलोमीटर, दिवसात एक तास चालणं, रात्री आठला घरात. बर्नाडेटचा कारखाना चालू होता, ब्रेड लोकांना लागतोच. शिफ्टवरून आली की ती आमच्या घरापुढच्या गवताच्या पट्ट्यावर मास्क लावून उभी राहायची आणि मी दारात खुर्ची टाकून बसायची. मधलं अंतर ती बरोबर राखायची. मी चुकून पायरी उतरले तर ती एक पाऊल मागे जायची.

शनिवारी व्हिडिओ कॉल असायचा. तिकडे मंजिरी नावाची तरुण ताई फोन धरायची. शैलाताई स्वतः आजारी पडून उठल्या होत्या, माणसं कमी, त्यांना प्रत्येक फोनला बसणं शक्य नव्हतं. चित्रू पहिल्यांदा फोनच्या मागे बर्नाडेटला शोधायची. मग सरावली. ऑस्ट्रेलियाची मावशी हे तिचं नाव पडलं. बर्नाडेट तिला अंगणातले मॅगपाय पक्षी दाखवायची, कुंपणावर बसणारी शेजाऱ्यांची मांजर दाखवायची, तिची रिकामी खोली मात्र कधी दाखवायची नाही. चित्रू चार वर्षांची झाली. दात पडायच्या आधीच तिची जीभ अशी चालायला लागली की मंजिरीला मधे बोलायला जागा मिळेना.

मी दर आठवड्याला एकच सांगत होते. "सांगून टाक. कोर्ट काय तुझा फोन ऐकायला बसलंय?"

"आणि हुकूम नाही झाला तर काकू? त्या मुलासारखी फाटकाशी उभी राहिली तर?"

 पण मी मुद्दा सोडला नाही, कारण मला उत्तर नसलं तरी मुद्दा सोडायची सवय नाही.

डिसेंबरात जरा मोकळीक मिळाली तेव्हा ती आमच्याकडे जेवायला आली. नाताळचं काही काही करून आणलं होतं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, काकू, आज एक गंमत झाली. तिचा चेहरा गमतीचा नव्हता. त्या सकाळच्या फोनवर चित्रूने तिला विचारलं होतं की ऑस्ट्रेलिया मोठा आहे का. खूप मोठा, बर्नाडेट म्हणाली. मग तिथे पुष्कळ आया असतील. असतील. संस्थेतली एक मुलगी लांबच्या देशात गेली होती, तिची आई तिथली होती, म्हणजे माझीही तिकडेच असणार, असा पोरीने हिशेब मांडला आणि म्हणाली, मावशी, तुला माझी आई दिसली तर सांग, मला पिवळा फ्रॉक आण.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, सांगते हं."

मी कपाळाला हात लावला. "अगं, तू आता दुसरीच बाई उभी केलीस तिच्यासाठी. नुसतं मावशी म्हणवून घेणं वेगळं. निरोप पोचवते म्हटल्यावर आई कोणीतरी वेगळी झाली की नाही?"

सुखदा म्हणाली, आई, पुरे. बर्नाडेट ताटातला घास नुसता फिरवत राहिली. मग म्हणाली, तिने नाही म्हटलं असतं तर चित्रूला वाटलं असतं, आई नाहीच. शैलाताईंच्या नियमात बसेल आणि पोरही रडणार नाही, असं दुसरं काही तिला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने पिवळा फ्रॉक आणला. लिंबासारखा रंग, छातीशी चुण्या. एक माप मोठाच आणला.

नंतरच्या फोनांत तो निरोप वाढत गेला. आईला सांग, मला आता शू लागली की सांगता येतं. आईला सांग, मी पेरूच्या झाडावर चढते. आईला सांग, मी मंजिरीताईला चावले होते पण सॉरी म्हटलं. बर्नाडेट प्रत्येकाला सांगते म्हणायची. तिला प्रवासाची परवानगी मागूनही मिळाली नाही. मग दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, भारतात माणसं पटापट जायला लागली. नंदाखालला तिची आई गेली. अंत्यविधी तिने फोनवर पाहिला. इथल्या सरकारने त्या दिवसांत, भारतातून परत याल तर तुरुंगात टाकू, असं आपल्याच नागरिकांना बजावलं. संस्थेतही आजार शिरला, दोन शनिवार फोन आला नाही. त्या दोन शनिवारी बर्नाडेट आमच्या घरापुढे आली ती गवतावर न थांबता सरळ पायरीपर्यंत आली आणि खाली बसली. अंतराबिंतराचं तिला भान नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. आयुष्यात तेवढाच एक नियम मी तिला मोडताना पाहिलं.

मुलं सगळी वाचली.

कोर्टाचा हुकूम वर्षाच्या अगदी शेवटी झाला. सीमा उघडल्या होत्या. शैलाताईंनी मुलीला ऑफिसात बोलावून सांगितलं, तुझी आई येणार आहे न्यायला. पुढचं बर्नाडेटने सांगावं, म्हणून त्यांनी तेवढ्यावरच थांबवलं. त्या शनिवारच्या फोनला मी बर्नाडेटच्या शेजारीच बसले होते. चित्रू पडद्यात मावत नव्हती. "मावशी, तू सांगितलंस ना तिला! माझी आई येतेय!"

मी बर्नाडेटला कोपर मारलं. आता नियम आडवा नव्हता. ती तोंड उघडायची आणि मिटायची. शेवटी म्हणाली, हो बाळा, येतेय. फोन ठेवल्यावर मी तिच्यावर भडकले. ती म्हणाली, "फोनवर नको काकू. दोन वर्षं सगळं फोनवरच झालंय. हे तिला जवळ घेऊन सांगते."

तिला तेवढं तरी आपल्या मनासारखं करायचं होतं. याबद्दल तिला बोल लावणं मला आजही जमत नाही.

फेब्रुवारीत आम्ही दोघी पुन्हा त्याच फाटकातून आत गेलो. व्हरांड्यात मुलांची रांग उभी होती. मांडलेला पाट, निरांजन, दह्याची वाटी. चित्रू रांगेच्या पुढे, वेणीएवढे केस वाढलेले, डोळे आमच्या टॅक्सीवर. बर्नाडेट आधी उतरली. चित्रू हसली, हात हलवला, आणि तिच्या मागे टॅक्सीच्या दाराकडे बघत राहिली. मग मी उतरले. माझ्याकडे बघून पोरीचा चेहरा पडला. शेजारच्या मुलाला ती म्हणाली, "ही नाही. ही आज्जी आहे."

मग ती धावत बर्नाडेटपाशी आली, तिच्या कमरेला मिठी मारली आणि विचारलं, "मावशी, आई मागच्या गाडीत आहे का?"

बर्नाडेट गुडघ्यांवर बसली. पोरीचे दोन्ही हात हातात घेतले. दोन वर्षं तिने हे वाक्य मनात घोटलं असणार. "चित्रू, मीच तुझी आई."

चित्रूला हसू आलं. "तू मावशी."

शैलाताईंनी सांगितलं. मंजिरीने सांगितलं. पोर एकेकीकडे बघत राहिली, मोठी माणसं चेष्टा करतात तेव्हा मुलं बघतात तशी. बर्नाडेटने पर्समधून पिवळा फ्रॉक काढला. तो पाहिल्यावर चित्रूने श्वासच रोखला, फ्रॉक छातीशी धरला आणि विचारलं, "आईने पाठवला?"

दोघींना पाटावर बसवून ओवाळलं. बर्नाडेटने दहीसाखरेचा चमचा पुढे केला तेव्हा चित्रूने तोंड वळवलं. रागाने नव्हे. नीट समजावून सांगितलं, "हे आईच्या हातनं खायचं असतं." रांगेतल्या मुलांना टाळ्या कधी वाजवायच्या ते कळेना. एक-दोघांनी वाजवल्या आणि थांबली. दह्याची वाटी तशीच राहिली.

जाताना ती रडली नाही. मला हेच जास्त लागलं. शैलाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, बरं झालं, मुलं फार रडतात जाताना.  चित्रू हसत टॅक्सीत बसली, कारण मावशी तिला आईकडे नेत होती.

तिचा पासपोर्ट आणि व्हिसा होईपर्यंत दोघी पुण्यात माझ्याकडे राहिल्या. बर्नाडेट रोज सांगायची, मी तुझी आई. चित्रू रोज ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, आपण तिच्याकडे कधी जायचं. विमानात ती खिडकीशी बसली. टार्निटच्या घरात शिरल्यावर तिने पायातले बूट काढले आणि एकेक खोली बघून आली. तिची स्वतःची खोली, पलंग, भिंतीवर लावलेले कागदी पक्षी, सगळं ओलांडून पुढे गेली. कपाट उघडून पाहिलं. गॅरेज पाहिलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "कामाला गेलीय का?"

हे सगळं झालं त्याला आता सहा महिने होऊन गेलेत. पोर सुखात आहे, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर कोणाला वाटेल बर्नाडेट कमी पडली. चित्रू तिच्याच हातचं जेवते, तिचाच हात धरून झोपते, ताप आला तेव्हा तिच्या कुशीतून हलली नाही. शाळेत जाते. इंग्रजी असं उचललंय की मला "नो वरीज, आज्जी" म्हणते. शाळेतल्या बाईंना तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, दिस इज माय मावशी, माय मम इज कमिंग. त्या बिचाऱ्या बाई बर्नाडेटला बाजूला घेऊन विचारायला लागल्या, मुलीची आई कधी पोचणार. बर्नाडेटने सगळं समजावून सांगितलं. घरी येऊन माझ्याकडे चहा प्यायली आणि त्या बाईंच्या चेहऱ्याची नक्कल करून मला हसवलं. हसता हसता तिने ओट्याचा आधार घेतला.

तिने एका समुपदेशक बाईंनाही विचारलं, फोनवरच. त्यांनी सांगितलं, सारखं पटवून देऊ नका, घाई करू नका, तिचं तिला कळेल. म्हणजे पुन्हा एक नियम. आणि बर्नाडेटने तो पाळला. पाळतेय.

मला ते जमलं नाही. बर्नाडेटची शिफ्ट संपेपर्यंत चित्रू शाळेतून माझ्याकडे येते. एक दिवस दुपारी ती मागच्या अंगणात कपड्यांचे चिमटे ओळीने लावत बसली होती. मी सरळ विचारलं, "मावशी मावशी काय लावलंयस गं? ती तुझी आई आहे."

"नाही आज्जी."

"का नाही?"

तिने चिमटा लावला, दुसरा घेतला. "आईला माहीत नसतं ना आपण कुठे आहोत ते. म्हणून ती येत नाही. कळलं की येते."

"बरं. मग?"

"मावशीला माहीत होतं. ती मला फोनवर बघत होती. आई असती तर आली असती."

मी तिला विमानं बंद होती ते सांगितलं. पोलीस अडवत होते, कोर्ट बंद होतं, सगळ्या जगाला ताप आला होता, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. माझीच समजूत काढायची असल्यासारखी म्हणाली, "मी मावशीवर रागावले नाहीये आज्जी. मावशी नाही आली तरी चालतं."

मी उठून आत गेले आणि नळ सोडून उगाचच भांडी विसळत बसले.

संध्याकाळी बर्नाडेट आली तेव्हा मी तिला हे जसंच्या तसं सांगितलं. सुखदाच्या मते सांगायला नको होतं. पण त्या घरात आधीच पुष्कळ न सांगून झालेलं आहे. बर्नाडेट उभ्यानेच ऐकत होती, कारखान्यातून आलेली, केसांना जाळीच्या टोपीचा वळ तसाच. "बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. एवढंच. चित्रूचं दप्तर उचललं आणि गेली.

पिवळा फ्रॉक चित्रूने एकदाही घातलेला नाही. तो हँगरवर असतो, तिच्या कपाटात, समोरच. आई येईल त्या दिवशी घालायचा. मागच्या आठवड्यात थंडी सरली तशी बर्नाडेट कपाट आवरायला बसली, मी शेजारी पलंगावर. तिने फ्रॉक काढून चित्रूच्या पाठीला लावून पाहिला. खांद्यात बसत नव्हता. पोर उंच झालीय. चित्रूच्या तोंडावर एकदम भीती दिसली, मी पाहिली. ती म्हणाली, "मग आता आई आली की मी काय घालू?"

मी म्हटलं, तो कोणाला तरी देऊन टाका आणि विषय संपवा. बर्नाडेटने फ्रॉक पुन्हा हँगरवर लावला.

काल गेले तर त्याच हँगरवर नवा फ्रॉक होता. तोच लिंबाचा रंग, तशाच चुण्या, एक माप मोठा. कुठल्या कुठल्या दुकानात फिरली असेल कोण जाणे. मला राग आला. मी म्हटलं, "अगं, असं किती दिवस करणार आहेस?"

बर्नाडेट जुन्या फ्रॉकची घडी घालत होती. घडी नीट बसेना, तिने पुन्हा उलगडून घातली.

"तिची आई येईपर्यंत, काकू," ती म्हणाली.

अंगणातून हाक आली. मावशी, कम ना. बर्नाडेटने घडी माझ्या मांडीवर ठेवली, आले म्हणाली आणि बाहेर गेली.